रीफ टँकचा लाईट स्वतः बनवायचा तर एलईडी कुठून घ्यावेत : वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. निकाल आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. रॉयल ब्लू आणि व्हायोलेट हे दोन रंग चांगल्या कंपनीचे आणि अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या, पांढऱ्यात थोडं इकडेतिकडे चालून जातं, ड्रायव्हरमध्ये (एलईडीला ठरलेला करंट देणारा डबा) काटकसर नको आणि हीटसिंक (एलईडीची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) कुठूनही घ्या फक्त जड घ्या. आता हे असं का, ते सविस्तर, कारण एलईडी विकणारे भरपूर आहेत पण कोरलसाठी नेमकं काय बघून घ्यायचं हे त्यातले फार थोडे सांगतात.

कोरलच्या आत जे शैवाल राहतं, झूझँथेली, त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. त्यात क्लोरोफिल ए आणि सी2 असतं, शिवाय पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य असतं, आणि हे तिघं मिळून साधारण 400 पासून 550 नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश भरपूर घेतात. समुद्रात पण तसंच आहे बघा, लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच संपतो आणि खाली निळाच पोचतो, त्यामुळे हे जीव निळ्यावर जगायला तयार झालेले आहेत. म्हणून आपल्या लाईटचा मुख्य भार 450 च्या आसपासच्या रॉयल ब्लूवर असतो आणि बाकीचे रंग त्याच्या सोबतीला येतात. तर ज्या रंगावर सगळं उभं आहे त्यातच अंदाजपंचे माल घेतला तर पुढे कितीही महागडा कंट्रोलर लावा, काही उपयोग नाही.

आता वॅट. विकणारे सगळे वॅट सांगतात, 3 वॅट, 5 वॅट, 100 वॅट, आणि लोक पण वॅटवरच घेतात. पण वॅट म्हणजे तो एलईडी वीज किती खातो, प्रकाश किती देतो ते नाही! रॉयल ब्लूचं खरं माप डेटाशीटमध्ये मिलिवॅटमध्ये दिलेलं असतं, रेडियंट फ्लक्स म्हणतात त्याला, आणि ते किती करंटला आणि किती तापमानाला मोजलंय तेही तिथेच लिहिलेलं असतं. लुमेन बघत बसू नका, लुमेन माणसाच्या डोळ्याप्रमाणे मोजतात आणि आपला डोळा 555 च्या हिरव्याला सगळ्यात जास्त दाद देतो, 450 ला फारच कमी, म्हणून निळ्याचे लुमेन नेहमी केविलवाणे दिसतात.

मिलिवॅट हातात आले की हिशोब सोपा आहे आणि मला तो फार आवडतो, कारण एकही पार्ट विकत न घेता कागदावर लाईट तपासता येतो. 450 नॅनोमीटरच्या 1 वॅट प्रकाशात सेकंदाला साधारण 3.76 मायक्रोमोल फोटॉन असतात. समजा एक एलईडी 700 मिलिअँपला 0.9 वॅट प्रकाश देतोय, असे 24 लावले तर 21.6 वॅट, म्हणजे साधारण 81 मायक्रोमोल दर सेकंदाला. टँक वरून 60 बाय 60 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ 0.36 चौरस मीटर, भाग दिला की सरासरी 225 पार येतो (पार म्हणजे दर चौरस मीटरवर सेकंदाला किती मायक्रोमोल उपयोगी फोटॉन पडतात त्याचं माप). अर्थात हा वरचा आकडा झाला, थोडा प्रकाश काचेबाहेर सांडतो, थोडा पाण्याच्या पृष्ठभागावरून परत जातो, त्यामुळे प्रत्यक्षात कमीच धरायचा. पण सॉफ्ट कोरलला 50 ते 150, एलपीएसला (मोठ्या पॉलिपचं टणक कोरल) 100 ते 200 आणि एसपीएसला (बारीक पॉलिपचं टणक कोरल) 200 ते 350 असे जे ढोबळ आकडे लोक धरून चालतात, त्यात आपण कुठे बसतोय ते लगेच कळतं. आणि हा हिशोब करायला डेटाशीट लागते. ज्या एलईडीला डेटाशीटच नाही त्याचा हिशोब कशावर करणार?

म्हणून माझ्याकडून पहिला नंबर अधिकृत डिस्ट्रिब्युटरना, म्हणजे माउसर, डिजीकी वगैरे. यांच्याकडे क्री, लुमिलेड्स, ऑसराम अशा कंपन्यांचे एलईडी सुटे मिळतात, एक नग पण देतात, पूर्ण रीळ घ्यायची गरज नाही. शोधताना वेव्हलेंग्थ, करंट, फ्लक्स असे फिल्टर लावता येतात, सगळ्यात मोठी सोय ती. माल येतो तो अँटीस्टॅटिक पाकिटात, वर पार्ट नंबरचं लेबल, आणि पूर्ण पार्ट नंबरमध्येच बिनची (रंग आणि प्रकाशाप्रमाणे कंपनीने केलेली वर्गवारी) माहिती दडलेली असते, म्हणजे आपण नेमकं काय घेतलं ते डेटाशीटशी ताडून बघता येतं. क्रीचा एक्सटी-ई रॉयल ब्लू 450 ते 465 च्या दरम्यान येतो, पण त्याच्या आत परत बारीक बिन असतात, आणि 450 कडचा आणि 465 कडचा शेजारी शेजारी लावला तर फरक डोळ्यांना सरळ दिसतो. मला खालच्या बाजूचे बिन जास्त आवडतात, कोरलचा फ्लोरोसन्स (निळ्या प्रकाशात रंगीत चमकणं) त्यात जास्त खुलतो आणि टँक उगाच नुसता निळाशार होत नाही. (क्री एलईडीचा धंदा मार्च 2021 मध्ये स्मार्ट ग्लोबलकडे गेला, पण पार्ट नंबर आणि डेटाशीट त्याच पद्धतीने चालू आहेत, त्यामुळे जुन्या नोंदी अजून उपयोगी पडतात.)

यांचा तोटा पण आहे, लपवत नाही. एक तर छोट्या ऑर्डरला शिपिंग अंगावर येतं, त्यामुळे दोघातिघांनी मिळून मागवणं बरं. दुसरं म्हणजे इथे बहुतेक एलईडी नुसते येतात, स्टारवर (एलईडी बसवायची छोटी अ‍ॅल्युमिनियमची चकती) बसवलेले नाही. क्रीच्या एक्सपी किंवा एक्सटीचा नग 3.45 मिलिमीटरचा असतो, तो हाताच्या सोल्डरिंग आयर्नने नीट बसत नाही कारण खाली मधोमध थर्मल पॅड असतो आणि तिथपर्यंत आयर्न पोचतच नाही. सोल्डर पेस्ट आणि हॉट प्लेट लागते. बिस्मथवाली कमी तापमानाची पेस्ट 138 डिग्रीला वितळते, तिने काम फार आरामात होतं, लेड फ्री पेस्ट 217 च्या पुढे वितळते म्हणजे एलईडीला जास्त भाजावं लागतं. अर्थात कमी तापमानाच्या पेस्टचा जोड थोडा ठिसूळ असतो, पण लाईट एकदा वर टांगला की त्याला कोण आपटतंय. रिकामे अ‍ॅल्युमिनियम स्टार वेगळे मागवायचे, मागवताना फूटप्रिंट (पॅडची मांडणी) एक्सपीचं आहे का लुमिलेड्सच्या रेबेलचं ते बघायचं, दोन्ही वेगळे आहेत आणि एकमेकांवर बसत नाहीत.

आता ऑनलाईन मार्केटप्लेसवरचे बिननावाचे 3 वॅटचे मणी, म्हणजे मण्यासारखे दिसणारे सुटे एलईडी. इथे माझं मत कडक आहे. लिस्टिंगमध्ये 35 मिल, 45 मिल असं लिहिलेलं असतं, मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, त्यामुळे 45 मिल म्हणजे साधारण 1.14 मिलिमीटरचा चिप झाला. मोठा चिप तेवढ्याच करंटला कमी तापतो आणि जास्त प्रकाश देतो, म्हणून 45 वाला घेणं बरोबरच आहे, पण आत खरंच तेवढा चिप आहे का हे भिंग लावल्याशिवाय कळत नाही. आणि नामवंत चिप कंपनीचं नाव तर कुणीही लिहितं. एका विक्रेत्याकडून आलेल्या पाकिटात एकाच रंगाचे म्हणून दिलेले नग सेम करंटला पेटवले तर काही जांभळट निळे, काही सरळ आकाशी, म्हणजे बिन वगैरे काही नाही, जे सापडलं ते भरलं. जुन्या डीव्हीडीचा तुकडा आणि अरुंद फट असलेला खोका एवढ्यावर साधा स्पेक्ट्रोस्कोप बनतो, त्यात खात्रीचा 450 चा एलईडी आणि हा नवीन, दोन्ही शेजारी ठेवून बघितले की सरकलेला पट्टा लगेच दिसतो. हे घरी करून बघाच, मजा पण येते आणि परत पाठवायचं असेल तर फोटो दाखवता येतो.

अजून एक धोका या मण्यांचा, जो कुणी सांगत नाही. क्रीच्या एक्सपी सिरीजमध्ये खालचा थर्मल पॅड विजेपासून अलग असतो, पण या मण्यांच्या पोटातला धातूचा स्लग काही वेळा आतून एका टोकाला जोडलेला असतो. असे दोन मणी उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर सरळ चिकटवले की हीटसिंकमधूनच शॉर्ट. म्हणून मीटर लावून आधी तपासायचं, आणि शंका असेल तर स्टारवर बसवूनच लावायचे. खाऱ्या पाण्याच्या वर टांगायची वस्तू आहे, इथे हयगय नकोच.

एवढं असूनही हे मणी पूर्ण बाद करत नाही. फ्रॅग टँक (कोरलचे छोटे तुकडे वाढवायचा टँक) असेल, त्यात मश्रूम, झोआ, लेदर कोरल असं सहनशील काही असेल, आणि तुम्ही 700 मिलिअँपऐवजी 350 ते 450 वर चालवणार असाल तर थंड राहतात आणि बरे टिकतात. पण मुख्य टँकवर, जिथे अ‍ॅक्रोपोरासारखं एसपीएस कोरल आहे, तिथे नाही.

व्हायोलेटसाठी वेगळा परिच्छेद लिहावा लागतोय कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. 400 ते 430 हा पट्टा कोरलच्या रंगांसाठी फार मोलाचा आहे, बरीच फ्लोरोसंट प्रोटीन्स याच प्रकाशात उजळतात, आणि क्लोरोफिल ए चं शोषण पण 430 च्या आसपास जोरात असतं. अडचण अशी की आपल्या डोळ्याला हा रंग जेमतेम दिसतो, त्यामुळे 20 टक्के कमी मिळाला काय आणि निम्मा मिळाला काय, नुसतं बघून कळतच नाही, आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं. शिवाय या लहान वेव्हलेंग्थचा प्रकाश वरचं स्वस्त भिंगच खातो, इपॉक्सी असेल तर ते पिवळं पडत जातं आणि प्रकाश उतरत जातो. माझ्याकडच्या बिननावाच्या व्हायोलेट मण्यांचे घुमट बऱ्यापैकी लवकर मातकट झाले, त्याच हीटसिंकवर शेजारी लावलेले लुमिलेड्सचे व्हायोलेट मात्र अजून स्वच्छ आहेत. यात पैसे वाचवायचे असतील तर संख्या कमी करा, दर्जा कमी करू नका. चांगले चार व्हायोलेट हे भरमसाठ भिकार व्हायोलेटपेक्षा केव्हाही बरे. आणि हो, अंधुक दिसतो म्हणून पेटत्या व्हायोलेटकडे टक लावून बघू नका, दिसतो कमी पण डोळ्याला लागतो पुरेपूर. टेस्टिंग करताना कागद आडवा धरायचा.

तिसरा पर्याय म्हणजे रीफवाल्यांसाठीच तयार किट विकणारे छोटे दुकानदार, स्टारवर बसवलेले एलईडी, वायर, लेन्स, हीटसिंक सगळं एकत्र देतात. ज्याला हॉट प्लेटचा नाद नको त्याच्यासाठी हा सगळ्यात सुखाचा मार्ग. दर डिस्ट्रिब्युटरपेक्षा चढा असतो पण त्यात सोल्डरिंगची मेहनत वाचते, ते मला पटतं. माझी अट एकच, घेण्याआधी मेल करून पूर्ण पार्ट नंबर आणि बिन विचारायचा. जो दुकानदार सरळ उत्तर देतो त्याच्याकडून डोळे झाकून घ्या, आणि जो नुसतं ओरिजिनल आहे ओरिजिनल आहे म्हणत राहतो त्याला सोडा. मी ज्यांच्याकडून घेतले त्यांनी बिन तर सांगितलाच, वर माझा टँक किती खोल आहे ते विचारून लेन्स नको म्हणून सांगितलं, म्हणजे स्वतःची विक्री कमी करून सल्ला दिला, अशा माणसाकडे परत जावंसं वाटतं.

पांढऱ्याचं फार टेन्शन घेऊ नका. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळाच चिप, वर फॉस्फरचा थर. आपल्याला तो लागतो तो डोळ्यांना टँक नैसर्गिक दिसावा म्हणून, कोरलचं पोट रॉयल ब्लूवरच भरतं. 6500 केल्विनच्या आसपासचा, जास्त सीआरआयचा (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) घेतला तर त्यातच थोडा लाल येतो आणि मासे छान दिसतात. मग वेगळा 660 चा लाल लावायचा तर तो चवीपुरत्या मिठासारखा, तोही वेगळ्या चॅनलवर, म्हणजे नको वाटला की बंद करता येतो. हिरवा मी लावत नाही.

ड्रायव्हरमध्ये मीन वेलची एलडीडी-एच सिरीज मला आजवर सगळ्यात भरवशाची वाटली. अंगठ्याएवढा डबा, 9 ते 56 व्होल्ट डीसी आत घेतो, ठरलेला करंट बाहेर देतो, 350, 500, 700, 1000 मिलिअँप असे वेगवेगळे मिळतात. हा व्होल्टेज उतरवणारा ड्रायव्हर आहे त्यामुळे एलईडीच्या ओळीला लागतं त्यापेक्षा सप्लाय काही व्होल्ट जास्तच हवा. एका रॉयल ब्लूला साधारण 3 व्होल्ट धरले तर 12 च्या ओळीला 36 ते 38, म्हणजे 48 व्होल्टचा सप्लाय आरामात पुरतो. डिमिंग पीडब्ल्यूएमने (प्रकाश वेगाने चालू-बंद करून) होतं, 100 हर्ट्झ ते 1 किलोहर्ट्झ चालतं, आणि आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डचं पीडब्ल्यूएम बहुतेक पिनांवर मुळातच 490 हर्ट्झचं आहे, म्हणजे काहीही न बदलता जोडा. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, एलईडीच्या ओळीचं निगेटिव्ह टोक सप्लायच्या निगेटिव्हला जोडायचं नाही, प्रत्येक ओळीला तिच्या स्वतंत्र दोन वायर ठेवायच्या. दोन, डिमिंगची पिन मोकळी राहिली तर हा ड्रायव्हर पूर्ण जोराने चालू होतो, म्हणजे कंट्रोलरची वायर निघाली की टँकवर 100 टक्के लाईट! त्या पिनला पुल डाऊन रेझिस्टर (वायर निघाली तरी पिन बंद स्थितीत धरून ठेवणारा) लावला की हा प्रश्न मिटतो, अगदी किरकोळ पार्ट आहे पण सुट्टीवर गेल्यावर कोरल वाचवतो.

हीटसिंकबद्दल एवढंच की पंख असलेला, जाड बुडाचा घ्या आणि वर एक हळू फिरणारा फॅन ठेवा. डेटाशीटमधले आयुष्याचे आकडे एलएम-80 चाचणीवरून येतात, ती कमीत कमी 6000 तास चालते आणि ठराविक तापमानाला चालते, आपण त्याहून गरम चालवला तर ते आकडे आपले नाहीत. हात ठेवून सहज राहिला तर ठीक.

लेन्स फार कमी जणांना लागतात. उथळ टँकला अजिबात नको, खोल असेल किंवा लाईट उंच टांगायचा असेल तर 80 ते 90 डिग्रीच्या. अरुंद लेन्सने खाली पार वाढतो खरा, पण रंग एकमेकात मिसळत नाहीत आणि वाळूवर निळे, पांढरे, जांभळे वेगवेगळे ठिपके पडतात, मला तरी ते बघवत नाही. त्यापेक्षा सगळे रंग एकमेकांच्या जवळ घोळक्याने लावले की मिसळतात छान.

लाईट तयार झाला की मोबाईलच्या लक्स अ‍ॅपवर विसंबू नका, लक्स पण डोळ्याच्याच हिशोबाने असतं. पार मीटर लागतो, आणि जुना मीटर कुणाकडून उसना घेतलात तर तो निळ्याला कमी दाखवतो, अपोजीचा नवा फुल स्पेक्ट्रम सेन्सर असेल तर व्हायोलेटपर्यंत नीट मोजतो. विकत घेण्यापेक्षा आळीपाळीने वापरायला दोनचार जणांत मिळून घेतला तरी भागतं, कारण काम एकदोन दिवसांचंच असतं. टँकच्या चारी कोपऱ्यात, खडकाच्या माथ्यावर आणि वाळूवर मोजून कागदावर नकाशा काढून ठेवा, कोणतं कोरल कुठे ठेवायचं ते त्यावरून ठरवता येतं.

आणि पहिल्या दिवशी पूर्ण जोर लावू नका. जुन्या ट्यूबखाली वाढलेलं कोरल अचानक या प्रकाशात आलं तर ब्लीच होतं (आतलं शैवाल जाऊन पांढरं पडतं), म्हणून आधी मीटरने जुन्या लाईटचा पार मोजा, नवीन लाईट डिम करून तेवढ्यावर आणा, आणि मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. शक्य असेल तर त्याच ऑर्डरमध्ये, त्याच बिनचे दोन रॉयल ब्लू आणि एक व्हायोलेट जास्तीचे मागवून ठेवा, नंतर तोच बिन मिळेलच असं नाही आणि ओळीत एकच नग वेगळ्या छटेचा लागला तर रोज दिसत राहतो.